पाय आधी, पाठ नंतर : उशिरा वयात येणाऱ्या मुलाची अडीच वर्षांची मोजदाद

जून २०२३. शाळेचा नवा गणवेश घ्यायला मेनरोडला गेलो तेव्हा मुलाची जुनी पॅन्ट घोट्याच्या चार बोटं वर चढली होती, पण शर्ट गेल्या वर्षीचाच अंगाला नीट बसत होता. वय १४ वर्षं २ महिने, नववी सुरू होत होती. वर्गातल्या निम्म्या पोरांचे आवाज फुटले होते, काहींना मिसरूड दिसायला लागली होती. याचा आवाज अजून पाचवीतल्यासारखा. डिसेंबर २०२५ मध्ये डॉक्टरांनी ‘आता वर्षातून एकदा दाखवा’ म्हणून फाईल बाजूला ठेवली. मधल्या अडीच वर्षांत काय केलं, किती लागले आणि कुठे चुकलं ते क्रमाने लिहितो. नाशकात या विषयावर चारचौघांत विचारलं की एकतर ‘वाढेल हो आपोआप’ किंवा उंची वाढवणारी पावडर, तिसरं उत्तर पटकन मिळत नाही.

पॅन्ट आखूड आणि शर्ट जैसे थे, हे नेमकं काय सांगतं ते कळायला मला दोन महिने लागले. म्हणून ते आधीच सांगतो.

जन्मतः बाळाचं धड पायांच्या मानाने फार मोठं असतं. जांघेच्या हाडाची वरची कड ही सीमा धरली तर वरचा भाग खालच्या भागाच्या सुमारे १.७ पट भरतो. तिथून पुढे सगळं बालपण पाय धडाला गाठत असतात आणि दहाएक वर्षांचं होईतो दोन्ही भाग जवळपास सारखे होतात. वयात येताना क्रम उलटतो. आधी पावलं वाढतात, मग पायांची लांब हाडं जोर धरतात, आणि पाय मंदावल्यावर पाठीचा कणा पुढे सरसावतो. पायांची हाडं आधी जुळून बंद होतात, मणके त्यानंतरही काही काळ वाढत राहतात. शिंप्याच्या भाषेत सांगायचं तर आधी चप्पल तोकडी होते, मग पॅन्ट, शेवटी शर्ट.

यातूनच वयात येण्याची वेळ आणि मोठेपणीची ठेवण यांचं नातं निघतं. घड्याळ उशिरा सुरू झालं की पायांना वाढायला जास्त वर्षं मिळतात, माणूस लांब पायांचा होतो. घड्याळ लवकर लागलं तर मूल आधी वर्गात सगळ्यांत उंच दिसतं, पण पाय लवकर थांबतात आणि मोठेपणी धडाच्या मानाने पाय थोडे आखूड राहतात. गुरं पाळणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही : लहानपणी खच्ची केलेला बैल वळूपेक्षा पायाने उंच होतो, कारण हाडांची टोकं बंद करणारं संप्रेरक त्याच्यात बनतच नाही. मात्र निरोगी मुलांमध्ये एक-दोन वर्षं पुढेमागे झाल्याने जो फरक पडतो तो दोनचार सेंटिमीटरचा. कपड्यांच्या मापात तो कळतो, रस्त्यात बघणाऱ्याला कळत नाही.

आता घरची मोजणी. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. मोजणारा माणूस बदलला की माप बदलतं हे रोज बघतो. म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजणारा एकच, जागा एकच, वेळही एकच : रविवारी सकाळी साडेआठ. वेळ पाळायचं कारण असं, की उठल्यावर मणक्यांमधल्या चकत्या दबत जातात आणि संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभराने, कधी जास्तही, कमी भरते. दांडीला लोंबकळून उंची वाढल्याचे दाखले लोक देतात ते या चकत्यांचेच. थोड्या वेळात त्या परत दबतात.

भिंत स्कर्टिंग नसलेली हवी, नाहीतर टाचा आणि पाठ एका रेषेत टेकत नाहीत. आमच्याकडे सगळ्या खोल्यांना स्कर्टिंग, त्यामुळे बाल्कनीतला खांब धरला. ओळंबा सोडून स्टीलची टेप सरळ चिकटवली. टाचा, ढुंगण, खांदे खांबाला लागलेले, कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत, खोल श्वास घेतलेला. डोक्यावर वही धरू नका, ती तिरकी होते. सुताराचा गुण्या खांबाला टेकवून खाली आणा, केस दबेपर्यंत. तीनदा मोजा, दर वेळी मुलाला बाजूला होऊन परत उभं राहू द्या. तिन्ही मापांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर काहीतरी चुकतंय.

मग बसून. सपाट, कडक स्टूल खांबाला लावायचं, ढुंगण अगदी मागे टेकवायचं, मांड्या आडव्या राहतील असा पायांना आधार द्यायचा, पण पायाने रेटायचं नाही. आलेल्या आकड्यातून स्टुलाची उंची वजा करायची. स्टूल स्वतः मोजा. दुकानदाराने ४५ सेंमी म्हणून दिलेलं आमचं स्टूल ४४.६ निघालं, आणि या हिशोबात चार मिलिमीटरही बोलतात.

तिसरं माप म्हणजे वाव. विहिरीचा दोर मोजताना जुनी माणसं दोन्ही हात ताणून धरायची, तोच. पाठ भिंतीला, हात खांद्याच्या रेषेत, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत.

जून २०२३ चे आमचे आकडे : उभी उंची १४६.५, बसून ७३.६, म्हणजे पाय ७२.९. बसलेली उंची भागिले उभी उंची ०.५०२. वाव १४९. मोठ्या माणसात हा भागाकार साधारण ०.५२ च्या आसपास येतो. लहानपणी जास्त असतो, वाढत्या पायांबरोबर उतरत जातो आणि वयात येण्याच्या तोंडाशी सर्वांत खाली जाऊन पुन्हा थोडा चढतो. आमचा आकडा खालच्या बाजूला होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लहानपणापासूनच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. फी ५००. जाताना उंचीच्या जुन्या नोंदी न्या, जितक्या मिळतील तितक्या : लसीकरणाचं पुस्तक, शाळेची आरोग्य तपासणीची कार्डं, जुन्या आजारपणातल्या चिठ्ठ्या. मागच्या नोंदींशिवाय आजची उंची हा नुसता एक आकडा असतो. आमच्याकडे शाळेची कार्डं पाच वर्षांची निघाली, पण त्यातली दोन वर्षं बुटांसकट आणि जवळच्या इंचात मोजलेली, ती सोडून द्यावी लागली. जून २०२२ ची उंची डॉक्टरांच्याच चिठ्ठीवर होती, १४२. म्हणजे वर्षाला साडेचार सेंटिमीटर. वयात येण्याआधी मुलं वर्षाला ५ ते ६ वाढतात आणि सुरुवातीच्या अगदी आधी वेग आणखी उतरतो. ज्यांचं उशिरा सुरू होतं त्यांच्यात हा उतार लांबतो, आणि बरोबरीची पोरं त्याच वेळी झपाट्याने वाढत असल्याने अंतर डोळ्यात भरतं.

वेग काढताना घाई नको. दोन मोजण्यांमध्ये सहा महिने तरी जाऊ द्या. तीन महिन्यांवर मोजलं आणि अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली, तर वर्षाच्या हिशोबात ती दोन सेंटिमीटरची होते. एवढ्यावर माणूस उगाच घाबरतो किंवा उगाच खूश होतो.

डॉक्टरांनी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर टिंबं मांडली. ३ आणि १० या रेषांच्या मधे, म्हणजे त्याच वयाची शंभर मुलं बुटक्यापासून उंचापर्यंत उभी केली तर तिसऱ्या आणि दहाव्याच्या मधे कुठेतरी. मग आमच्या दोघांच्या उंच्या घेतल्या : माझी १७०, हिची १५५. मुलासाठी आईबापांच्या उंचीत १३ मिळवून निम्मं करायचं, मुलीसाठी १३ वजा करून. १६९ आलं, आणि त्याच्या आठेक सेंटिमीटर अलीकडेपलीकडे कुठेही संपलं तरी ते घराण्याला धरून. इथे एक सूचना : आईबापांनाही भिंतीला उभं करून मोजा. लग्नाच्या बायोडेटातली उंची चालत नाही.

‘वडिलांची दाढी कधी सुरू झाली?’ हा प्रश्न तेव्हा उगाच वाटला. मी बारावीनंतरही वाढत होतो, पहिला रेझर एकोणिसाव्या वर्षी. उशिरा वयात येणं पुष्कळदा घराण्यात चालत येतं, त्यामुळे हे उत्तर महागड्या तपासणीच्या तोडीचं ठरतं. मामा, काका, आत्या, आईची पहिली पाळी कितव्या वर्षी, हे सगळं घरी विचारून जा. आजीला नीट आठवत असतं, फक्त वय नाही, इयत्ता विचारावी लागते.

मुलग्यांमध्ये १४ पूर्ण झाली तरी वृषण वाढायला लागले नाहीत, किंवा मुलींमध्ये १३ पूर्ण झाली तरी स्तनांची वाढ सुरू नाही, तर तपासायचं, हा नियम. उलट बाजूला मुलींसाठी ८ वर्षांच्या आत आणि मुलग्यांसाठी ९ च्या आत सुरुवात झाली तर लवकर म्हणायचं. आम्ही पहिल्या रेषेच्या पलीकडे दोन महिने होतो. चिठ्ठी मिळाली ती मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांची, मुंबईहून महिन्यातले दोन शनिवार येणाऱ्या डॉक्टर मॅडमची. पाच आठवडे थांबावं लागलं. फोन करून नंबर लावताना ‘नवीन पेशंट’ असं स्पष्ट सांगा, नव्यांना वेळ जास्त लागते म्हणून त्यांच्या वेळा वेगळ्या असतात.

ऑगस्ट २०२३, पहिली भेट, १,२०० रुपये. मुलाला आधी सांगून ठेवणं फार गरजेचं आहे की कपडे काढून तपासणार आहेत. आदल्या रात्री सांगितलं, तो अर्धा तास बोललाच नाही, मग ‘आई बाहेर थांबेल ना?’ एवढंच विचारलं. आई बाहेर थांबली. दोऱ्यात ओवलेले बारा लंबगोल मणी असतात, १ पासून २५ मिलिलिटरपर्यंत. वृषण बोटांनी चाचपून कोणत्या मण्याएवढा आहे ते ठरवतात. त्र्यंबकेश्वरच्या दुकानातल्या माळेसारखीच दिसते. प्रादर नावाच्या स्विस डॉक्टरांची ही युक्ती अजून तशीच चालते. ४ चा मणी हा उंबरठा : त्याला पोहोचलं की वयात येणं सुरू झालं. केस, आवाज, मिसरूड नंतरच्या गोष्टी. आमचा मणी ३ चा.

डॉक्टरांनी खालचा भाग जांघेच्या हाडापासून जमिनीपर्यंत मोजला, ७६.५. वरचा ७०. भागाकार ०.९१५. इथे माझा गोंधळ झाला, कारण घरी पाय ७२.९ आले होते. दोन्ही बरोबर असतात. बसून मोजताना सीमा ढुंगणाच्या हाडापाशी येते, ही सीमा त्याहून वर. म्हणून एका पद्धतीचा भागाकार दुसऱ्या पद्धतीच्या तक्त्याशी जुळवू नका. नेटवरून तक्ता काढणारे बहुतेक जण इथेच फसतात.

वाव उंचीपेक्षा अडीच सेंटिमीटर जास्त, ते ठीक. ५ सेंटिमीटरच्या पुढे गेला आणि वरखालचा भागाकार ०.९ च्या खाली उतरला, की नुसता उशीर म्हणून भागत नाही. मग वृषणांतच दोष आहे का, मेंदूकडून हुकूमच येत नाही का, हे बघावं लागतं. एक जादा एक्स गुणसूत्र असलेल्या क्लाइनफेल्टर मुलग्यांचे पाय तर वयात येण्याच्या आधीपासूनच लांब असतात. मार्फन या जन्मजात विकारातही हातपाय लांब, पण तिथे मुळात उंचीच जास्त आणि डोळे, हृदय तपासावं लागतं. मॅडमनी मध्येच विचारलं, ‘वास येतो का नीट?’ हिंगाचा, कांदा परतल्याचा. काही मुलांत वासाचं केंद्र आणि वयात आणणारं केंद्र दोन्ही एकदमच अर्धवट राहिलेली असतात, त्याला कॉलमन सिंड्रोम म्हणतात. आमच्याला गल्लीतली फोडणीसुद्धा कळते.

डाव्या हाताचा एक्स-रे, ४५० रुपये. पंजा सपाट, बोटं थोडी फाकलेली, मनगटाच्या वरचं दोन बोटं हाड फिल्ममध्ये आलेलं. हाडांची टोकं किती तयार झाली ते बघून ‘हाडाचं वय’ ठरवतात. तुलनेसाठीचं ग्रॉइलिश आणि पाइल यांचं चित्रपुस्तक १९५० चं, क्लीव्हलँडच्या सुखवस्तू घरांतल्या मुलांवरून केलेलं, त्यामुळे सहा महिने इकडेतिकडे धरूनच वाचायचं. क्रिकेटमध्ये वयचोरी पकडायला काढतात तो एक्स-रेही हाच, फक्त गुण देण्याची पद्धत वेगळी.

आमचा रिपोर्ट आला त्यात लिहिलं होतं : ‘ग्रोथ प्लेट उघड्या आहेत.’ म्हणजे हाडांच्या टोकांजवळचे वाढीचे पट्टे अजून बंद झालेले नाहीत. एवढंच. १४ वर्षांच्या मुलाच्या ग्रोथ प्लेट उघड्याच असणार! दोन दिवस आणि एक खेप वाया गेली. एक्स-रेच्या चिठ्ठीवर ‘हाडाचं वय वर्षं-महिन्यांत द्यावे’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, जन्मतारीख लिहा, आणि फिल्म घरी आणा. फिल्म मॅडमनी स्वतः पाहिली. ११ वर्षं ६ महिने. वय १४ वर्षं ४ महिने. अंगठ्याच्या बुडाशी वयात येताना एक वाटाण्याएवढं हाड उमटतं, ते अजून नव्हतं.

पावणेतीन वर्षांचा हा फरक ऐकून बरं वाटावं की वाईट, ते समजेना. अर्थ असा होता की हाडांच्या हिशोबाने मुलगा साडेअकराचा आहे, आणि साडेअकराच्या मुलाला १४६ ही उंची चांगलीच म्हणायची. वाढ संपलेली नाही, मागे पडलेली आहे.

रक्त तपासणी ६,८०० रुपये. हिमोग्राम, ईएसआर, किडनी, कॅल्शियम, थायरॉइड, गव्हाच्या प्रथिनाची ॲलर्जी म्हणून लोक ओळखतात त्या सीलिअकची तपासणी, ड जीवनसत्त्व, प्रोलॅक्टिन, वाढीच्या संप्रेरकाचा अंदाज देणारं आयजीएफ-१, मेंदूकडून वृषणांना हुकूम नेणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं, आणि वृषणांत बनणारं पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन. टेस्टोस्टेरॉन सकाळी आठ-नऊलाच द्यायचं, दुपारी ते उतरतं. एलएच संवेदनशील पद्धतीने करणारी लॅब हवी, कारण इथे सगळा खेळ दशांशाचा : ०.३ च्या वर गेला की मेंदूतलं घड्याळ जागं होतंय असं धरतात. आमचा ०.२. एफएसएच वाढलेला नव्हता, म्हणजे वृषणांत दोष असण्याची शक्यता कमी, म्हणून गुणसूत्रांची तपासणी मॅडमनी थांबवली. ‘सात दिवसांत फेरतपासणी मोफत’ असा बोर्ड होता, पण सीलिअक आणि आयजीएफ-१ चे रिपोर्ट आठव्या दिवशी आले. ८०० भरले. रिपोर्टला किती दिवस लागतात ते लॅबला आधी विचारून मगच भेटीच्या तारखेच्या बेताने रक्त द्या. ओपीडीतलं यातलं काहीही आमच्या मेडिक्लेममध्ये बसलं नाही.

निदान : नैसर्गिक उशीर. सल्ला : सहा महिने थांबा.

ते सहा महिने सर्वांत कठीण गेले, कारण करायचं काहीच नव्हतं. शेजारून पावडरचे डबे सुचवले गेले, कुणी म्हणालं कबड्डी बंद करा. आम्ही चौरस जेवण, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि झोप एवढं धरून बसलो.

त्या भेटींमध्ये बाहेरच्या बाकांवर बहुतेक मुलीच असायच्या, सात-आठ वर्षांच्या, वयाच्या मानाने उंच. त्यांची गोष्ट आमच्या उलट. हाडाचं वय पुढे पळत असतं, ते थांबवायला महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देतात, त्याने घड्याळ गोठतं आणि थांबवल्यावर पुन्हा चालू होतं. इंजेक्शन चालू असताना उंचीचा वेग मंदावतो, त्याने आया घाबरतात. पण तो मंदावायलाच हवा असतो. याचा उंचीला खरा फायदा सहाच्या आत सुरू झालेल्या मुलींना होतो. नऊ-दहाव्या वर्षी नेहमीच्या वेळेला वयात येणाऱ्या मुलीला केवळ उंचीसाठी इंजेक्शन मागणं म्हणजे माझ्या मते पैसे आणि टोचण्या दोन्ही वाया. आणि पाळी आली की वाढ त्याच दिवशी थांबते हेही खरं नाही. त्यानंतरही साधारण ५ ते ७ सेंटिमीटर मिळतात, त्यात पाठीचा वाटा मोठा.

फेब्रुवारी २०२४. उंची १४८.६. मणी ३ चाच. एलएच आणि टेस्टोस्टेरॉन पुन्हा, २,६०० रुपये, फारसा बदल नाही. आता दोन वाटा होत्या : आणखी थांबणं, किंवा टेस्टोस्टेरॉनची कमी डोसची तीन इंजेक्शनं देऊन घड्याळाला धक्का देणं. मॅडमनी हा प्रश्न मुलाला विचारला, आम्हाला नाही. त्याने इंजेक्शन मागितलं. नववीची परीक्षा संपल्यावर, मार्चअखेर पहिलं.

इथे सगळ्यांत जास्त काळजी घ्या. टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट, ५० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी, एकूण तीन. बाजारात ॲम्प्यूल मिळतो तो २५० मिलिग्रॅमचा, १ मिलिलिटर. म्हणजे त्यातलं फक्त ०.२ मिलिलिटर द्यायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं. आम्ही ज्या दवाखान्यात टोचून घ्यायला गेलो तिथल्या कंपाउंडरने सवयीने अख्खा ॲम्प्यूल भरला होता. चिठ्ठी पुढे केली म्हणून वाचलो. मोठा डोस दिला तर नुसतं जास्त औषध एवढ्यावर थांबत नाही, नेमकं उलटं होतं. शरीर टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजन या स्त्री-संप्रेरकात बदलतं आणि मुलग्यांतही ग्रोथ प्लेट बंद करतं ते हेच इस्ट्रोजन. १९९४ मध्ये अमेरिकेत एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद छापून आली : टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, पण शरीराला इस्ट्रोजन ओळखताच येत नव्हतं. उंची २०४ सेंटिमीटर, हाडाचं वय १५, अजून वाढतोय, आणि हातपाय धडाच्या मानाने लांब. हाडं बंद कोण करतं हे त्या एका माणसाने दाखवून दिलं.

म्हणून चिठ्ठीवर ‘५० मिग्रॅ = ०.२ मिली’ असं आकड्यांत लिहून घ्या. औषध तेलकट असतं, इन्सुलिनच्या बारीक सुईतून चढत नाही. १ मिलिलिटरची, सुई बदलता येणारी सिरिंज घ्या, जाड सुईने भरा आणि स्नायूत टोचायची सुई लावून हळू द्या. दोन दिवस जागा दुखते. इंजेक्शन आणि टोचणावळ मिळून दर वेळी ३६० रुपये. चिठ्ठीशिवाय मेडिकलवाला देत नाही, आणि देऊही नये.

पहिल्या इंजेक्शननंतर घामाचा वास बदलला, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, भूक दुप्पट झाली. भाकऱ्यांचा हिशोब चुकायला लागला. पण यावरून यश ठरवायचं नसतं, हे सगळं बाहेरून दिलेल्या औषधाचं काम. खरी खूण वृषणांची : इंजेक्शनने ते वाढत नाहीत, त्याचं स्वतःचं घड्याळ सुरू झालं तरच वाढतात. म्हणून तिसऱ्या इंजेक्शननंतर चार महिने काही न देता थांबायचं आणि मग बघायचं.

सप्टेंबर २०२४ ला मणी ६ चा. मॅडम हसल्या, मुलगा माझ्याकडे न बघता शर्टाची बटणं लावत राहिला. रक्त तपासणी १,५००, एलएच आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही त्याचे स्वतःचे. उंची १५३, बसून ७६.४, पाय ७६.६. भागाकार ०.४९९.

भागाकार उतरला म्हणून मी पुन्हा काळजीत. धड मागेच पडत चाललंय की काय? मॅडमनी जून २०२३ पासूनचे आकडे खाली मांडले : उंची साडेसहा वाढली, त्यात पाय ३.७, धड २.८. ही पायांचीच पाळी होती. ‘शर्ट कधी आखूड होतात ते बघा,’ एवढंच म्हणाल्या. तेव्हाच मी विचारलं की लांब पाय म्हणजे उशीर असंच समजायचं का. नाही. लहानपणचं चांगलं खाणं-पिणंही पायांतच दिसतं. १९५७ ते १९७७ या काळात जपानी माणसं उंच झाली ती मुख्यतः पायांनी, आणि तिथे वयात येणं उशिरा नव्हे, लवकर होत चाललं होतं. त्यामुळे एका मापावरून कुणाच्या बालपणाचा निकाल लावता येत नाही. हाडाचं वय आणि मणी बरोबर हवेतच.

दहावीच्या परीक्षेनंतर, मार्च २०२५ मध्ये दुसरा एक्स-रे : १३ वर्षं. आवाज तोवर फुटला होता, फोनवर नातेवाईक मला समजून बोलायला लागले. सप्टेंबरात उंची १६२. डिसेंबर २०२५ ची शेवटची नोंद : उभी १६४.४, बसून ८३.२, पाय ८१.२. भागाकार ०.५०६. सप्टेंबर २०२४ पासून धड ६.८ वाढलं, पाय ४.६. क्रम उलटला होता. हाडाचं वय १४ वर्षं ६ महिने, म्हणजे अजून थोडं शिल्लक, आणि जे शिल्लक आहे त्यातलं बरंच पाठीत.

खर्च सगळा धरून १९ हजारांच्या आसपास, अडीच वर्षांत. निम्म्याहून जास्त रक्ताच्या तपासण्यांत गेले.

पुढची मोजणी घरीच, सहा महिन्यांनी. वर्षाचा वेग २ सेंटिमीटरच्या खाली आला की एक्स-रेची गरज नाही, वाढ संपत आली असं धरायचं. मध्ये कॉलेजच्या कपड्यांसाठी शिंप्याकडे गेलो, तर त्यांनी सवयीप्रमाणे पॅन्टला खाली दोन इंच दुमड ठेवली आणि शर्ट बेताचे शिवले. पॅन्टची दुमड अजून उलगडलेली नाही. शर्ट तीन महिन्यांत कमरेवर आले. अकरावीच्या मुलाचे कपडे शिवत असाल तर शिंप्याला सांगा, कापड शर्टात जास्त धरा, बाहीत नव्हे, लांबीत.